नसणं वेगळं, बिघडणं वेगळं

भुवईतला एक केस उपटायचा, दात कोरायच्या काडीच्या टोकाला चिकटवायचा आणि स्पिरिटने पुसून घ्यायचा. झालं उपकरण तयार. टेबलावर काही लाखांचा सूक्ष्मदर्शक, आणि त्याखालच्या प्राण्याला हात लावायला हा फुकटचा केस. माझी पीएचडीची आणि त्यानंतरचीही बरीच वर्षं या केसाने कृमींना डिवचण्यात गेली. केस जाड असला तर कृमी टोचल्यासारखा दचकतो आणि निरीक्षण वाया जातं. टोकाला निमुळता, मऊ केस लागतो. त्यामुळे कोणाच्या भुवया कामाच्या यावर आमच्या लॅबमध्ये गंभीर चर्चा व्हायच्या, आणि ज्याच्या भुवया चांगल्या ठरत त्याच्या हळूहळू विरळ होत जायच्या.

हा केस ज्याला लावायचा तो प्राणी म्हणजे सिनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स. सगळे त्याला सी. एलेगन्स म्हणतात. एक मिलिमीटर लांबीचा, आरपार दिसणारा सूत्रकृमी. कुजक्या फळांत, सडत्या पाल्यात राहतो, जिवाणू खातो, माणसाच्या किंवा पिकाच्या वाटेला जात नाही. पण सूत्रकृमी म्हटलं की आमच्याकडच्या शेतकऱ्याच्या कपाळावर आठ्या येतात, कारण याचेच भाऊबंद डाळिंबाच्या नि टोमॅटोच्या मुळांवर गाठी करतात. आमची आटपाडीकडे डाळिंबाची बाग आहे. मी काय काम करते हे कळल्यावर आमचे दादा, म्हणजे माझे वडील, जेवता जेवता थांबले. "अगं, आम्ही औषध ओतून ह्यांना मारायचं आणि तू सरकारच्या पैशानं ह्यांच्या नसा वाचवायच्या?" त्यांना द्यायला तेव्हा माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. हा लेख म्हणजे बऱ्यापैकी तेच उत्तर आहे.

या कृमीला प्रयोगशाळेत रुजवलं सिडनी ब्रेनर यांनी. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला हा माणूस केंब्रिजमध्ये काम करत होता. जनुकांची सांकेतिक भाषा उलगडण्याच्या कामात त्यांचा वाटा मोठा होता. पण १९६३ साली त्यांनी आपले प्रमुख मॅक्स पेरुत्झ यांना पत्र लिहिलं की त्या विषयातले मोठे प्रश्न आता सुटल्यातच जमा आहेत, आता मज्जासंस्थेकडे वळायला हवं, आणि त्यासाठी एखादा अगदी साधा प्राणी हवा. हा कृमी साधा आहेच. प्रौढ उभयलिंगी कृमीच्या शरीरात जननपेशी सोडल्या तर मोजून ९५९ पेशी असतात आणि त्यांतल्या ३०२ चेतापेशी. प्रत्येक कृमीत तितक्याच, त्याच जागी, त्याच नावाच्या. अंड्यातून बाहेर पडल्यापासून तीन-एक दिवसांत तो स्वतः अंडी घालू लागतो, एकटाच तीनेकशे. दोन-तीन आठवड्यांत आयुष्य संपतं. ग्लिसरॉलमध्ये गोठवून ठेवला तर वर्षानुवर्षांनी वितळवल्यावर पुन्हा वळवळू लागतो. १९७४ साली ब्रेनर यांनी त्याच्या जनुकशास्त्राचा पायाभूत लेख प्रसिद्ध केला. जॉन व्हाइट आणि सहकाऱ्यांनी त्याचे हजारो सूक्ष्म काप काढून, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एकेक तंतू हाताने माग काढत, कोणती चेतापेशी कोणाला जोडलेली आहे याचा नकाशा १९८६ मध्ये छापला. तो ३४० पानांचा आहे.

एवढी तयारी झाल्यावर प्रश्न विचारता येतात. आमचा प्रश्न असा: चेतापेशी मरते तेव्हा नेमकं काय होतं, आणि जनुकातला एखादा बदल तिला का मारतो?

या प्रश्नाचं उत्तर स्पर्शाच्या प्रयोगातून मिळायला लागलं. चालत्या कृमीच्या डोक्याजवळ केस फिरवला की तो मागे सरकतो. शेपटीजवळ फिरवला की पुढे पळतो. हा हळुवार स्पर्श जाणवणाऱ्या चेतापेशी त्याच्या अंगात फक्त सहा आहेत. चार अंड्यातच तयार होतात, दोन बाहेर आल्यानंतर. मार्टिन चाल्फी हे त्या वेळी केंब्रिजमध्ये जॉन सल्स्टन यांच्याबरोबर काम करत होते. त्यांनी रसायनाने जनुकं बिघडवलेल्या कृमींतून असे कृमी वेचले, की ज्यांना केस लावलेला कळत नाही, पण प्लॅटिनमच्या तारेने जोरात ढोसलं तर कळतं. म्हणजे चालता येतं, जिवंतपणा आहे, फक्त नाजूक स्पर्श हरवला आहे. १९८१ मध्ये त्यांनी या कृमींची हकिगत प्रसिद्ध केली. पुढे वाढत गेलेल्या त्या यादीतल्या जनुकांना 'मेक' हे आडनाव मिळालं: मेक-१, मेक-२, मेक-४, असं.

बहुतेक मेक कृमींत त्या सहा पेशी जागेवर असतात, नुसत्या काम करत नाहीत. पण मेक-४ च्या एका प्रकारात वेगळंच दिसलं. तिथे पेशी असायला हव्या होत्या त्या जागी फुगे होते.

ते फुगे मी पहिल्यांदा पाहिले ते नुकत्याच अंड्यातून निघालेल्या पिल्लात. प्राणी आरपार दिसत असल्याने त्याला कापावं लागत नाही, रंगवावं लागत नाही. अगारच्या पातळ थरावर ठेवायचा, वर काच, आणि भिंगातून बघायचं. एरवी जी पेशी ओळखायला डोळे ताणावे लागतात, ती कित्येक पट फुगून, आत पोकळ, चमकदार वर्तुळ होऊन बसलेली असते. काही तासांनी तिथे काहीच उरत नाही. पिल्लू मात्र मजेत जिवाणू खात हिंडतं. जीवशास्त्राच्या पुस्तकात 'पेशीमृत्यू' हा शब्द मी शेकडो वेळा वाचला होता, मुलांना शिकवलाही होता. पण जिवंत प्राण्याच्या अंगात एकच ठरलेली पेशी मरताना बघणं हा वेगळाच अनुभव आहे, आणि खरं सांगायचं तर तो बघायला मला कधी कंटाळा आला नाही.

आता मुद्द्याचं. चाल्फी नंतर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे त्यांनी आणि एमिली वोलिन्स्की यांनी १९९० मध्ये, आणि मोनिका ड्रिस्कॉल यांनी त्यांच्याबरोबर १९९१ मध्ये, या फुग्यांमागची जनुकं शोधून काढली. एक मेक-४, दुसरं डेग-१. आणि त्यातून एक विचित्र गोष्ट हाती लागली. मेक-४ हे जनुक पूर्ण निकामी केलं तर त्या सहा पेशी मरत नाहीत. छान जगतात, फक्त स्पर्श कळत नाही. पण याच जनुकात एका विशिष्ट जागी एका अक्षराचा फरक पडला, तर त्या फुगून मरतात. डेग-१ चं तर आणखी नवल. ते जनुक काढून टाकलं तर कृमीला फरक पडल्याचंही दिसत नाही. पण त्यात तो ठरावीक बदल झाला, की शेपटीचा स्पर्श पुढे पोचवणाऱ्या चेतापेशी मरतात. त्याही लगेच नाही. कृमी आधी नीट वागतो, वाढतो, आणि मग त्याची ती जाणीव जाते. माणसातले कितीतरी आनुवंशिक मज्जारोग असेच उशिरा उगवतात.

म्हणजे जनुक नसल्याने पेशी मेली नाही. जनुक असून, आणि काम करून, पण बिघडून काम केल्याने मेली.

हे कसं होतं ते समजायला पेशीच्या पडद्याकडे बघावं लागतं. मेक-४ जनुकापासून बनणारं प्रथिन पेशीच्या आवरणात बसतं आणि क्षारांसाठीची एक वाट तयार करतं. स्पर्शाने आवरण दाबलं गेलं की ही वाट क्षणभर उघडते, सोडियम आत येतो, विजेचा इशारा निर्माण होतो, वाट बंद होते. या प्रथिनाच्या साखळीत ७१३ व्या जागी ॲलनिन नावाचं छोटं अमिनो आम्ल असतं. तिथे त्याच्याहून मोठं व्हॅलिन आलं की ती वाट नीट मिटत नाही. वॉशर गेलेला नळ जसा चोवीस तास वाहतो, तसा क्षार आत वाहत राहतो. घरात नळच नसला तर अंघोळीची पंचाईत होते, पण घर बुडत नाही. नळ वाहता राहिला तर बुडतं. एवढंच हे गणित आहे, आणि ते मांडायला एका चिमुकल्या कृमीच्या सहा पेशी पुरल्या.

या कुटुंबातल्या प्रथिनांना डीजेनरिन म्हणतात. माणसात त्यांचे जवळचे नातेवाईक आहेत. आपल्या मूत्रपिंडात मीठ परत शोषून घेणारी सोडियमची वाट १९९३ मध्ये जनुकपातळीवर ओळखली गेली, तेव्हा ती याच कुटुंबातली निघाली. तिच्यात अतिरेकी काम करायला लावणारा बदल झाला की लिडल सिंड्रोम नावाचा आजार होतो: कोवळ्या वयात उच्च रक्तदाब. मेंदूतही या कुटुंबातल्या वाटा आहेत. त्या आम्लतेने उघडतात. पक्षाघातात मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटला की तिथे आम्लता वाढते, या वाटा उघडतात आणि कॅल्शियम आत येऊन पेशींचं नुकसान करतं. २००४ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत या वाटा अडवल्यावर नुकसान कमी झालेलं दिसलं. कृमीच्या स्पर्शापासून माणसाच्या बीपीपर्यंत आणि पक्षाघातापर्यंत असं सरळ नातं निघेल, हे १९८१ मध्ये केस घेऊन बसलेल्या कोणाच्या मनातही नसणार. संशोधनाला पैसे मागताना 'याचा उपयोग काय' हा रकाना भरताना मला हे नेहमी आठवतं आणि थोडा रागही येतो.

सोडियम आत आल्यावर पुढे काय? इथे ड्रिस्कॉल यांच्या रटगर्स विद्यापीठातल्या गटाने फार चांगलं काम केलं. त्यांनी फुगे होणारे कृमी घेतले आणि त्यांच्यात आणखी जनुकं बिघडवून पाहिली. कोणतं दुसरं जनुक बिघडल्यावर पेशी वाचते? २००१ मध्ये कळलं, की पेशीच्या आतल्या साठ्यातून कॅल्शियम बाहेर पडणं हा मरणाच्या वाटेवरचा आवश्यक टप्पा आहे. त्या साठ्यात कॅल्शियम धरून ठेवणारं प्रथिन काढलं तर बऱ्याच पेशी वाचतात. २००२ मध्ये नेक्टारिओस टॅव्हर्नराकिस यांच्याबरोबरच्या कामातून दिसलं, की वाढलेल्या कॅल्शियममुळे प्रथिनं तोडणारी विकरं चालू होतात, आणि पेशीचा शेवट ती करतात. त्यांनाही अडवता येतं. म्हणजे जनुकातली चूक आणि पेशीचा मृत्यू यांच्यामध्ये बरीच मोठी वाट आहे, आणि तिच्यावर थांबे आहेत. चूक दुरुस्त करता आली नाही तरी मधल्या एखाद्या थांब्यावर अडवणूक करता येते. औषध शोधणाऱ्याला याहून जास्त काय हवं असतं?

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा, कारण माझे विद्यार्थीही हमखास गोंधळतात. कृमी वाढताना त्याच्या १३१ पेशी ठरवून मरतात. हे मरण नियोजित असतं, त्याची सेड-३, सेड-४ अशी स्वतंत्र जनुकं आहेत, आणि ती शोधल्याबद्दल रॉबर्ट हॉर्व्हिट्झ यांना ब्रेनर आणि सल्स्टन यांच्यासोबत २००२ चं नोबेल मिळालं. आमच्या फुग्यांचं मरण त्यातलं नाही. सेड-३ काढून टाकलं तरी मेक-४ बिघडलेल्या पेशी मरतातच. पेशी एकाच पद्धतीने मरत नाहीत.

आता माणसाकडे येते. १९९३ मध्ये एएलएस या आजाराच्या काही कुटुंबांत एसओडी-१ या जनुकात बदल सापडले. या आजारात स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जातात. स्टीफन हॉकिंग यांच्यामुळे त्याचं नाव सर्वांना माहीत झालं. एसओडी-१ चं प्रथिन पेशीतली घातक ऑक्सिजन-संयुगं निकामी करतं, तेव्हा पहिला तर्क साहजिक होता: प्रथिन कमी पडलं म्हणून पेशी मेल्या. मग उंदरांत हे जनुक पूर्ण काढून पाहिलं. त्यांना एएलएस झाला नाही. बिघडलेलं मानवी जनुक जास्तीचं घातलेल्या उंदरांना मात्र झाला. मेक-४ चीच गोष्ट पुन्हा! त्यामुळे उपचाराची दिशाच बदलली. प्रथिन वाढवायचं नाही, कमी करायचं. या जनुकाचा संदेश अडवणारं टोफरसन हे औषध अमेरिकेत एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालं. ते सगळ्या एएलएस रुग्णांसाठी नाही, फक्त हे जनुक बिघडलेल्या थोड्यांसाठी आहे.

याच्या अगदी उलट उदाहरण आपल्या वर्तमानपत्रांनी घरोघरी पोचवलं आहे. २०२१ च्या आसपास '१६ कोटींचं इंजेक्शन' हे शब्द महाराष्ट्रात सगळ्यांनी वाचले, आजारी बाळांसाठी लोकांनी फोनवरून पैसे पाठवले. तो आजार स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी. त्यात एसएमएन-१ या जनुकाच्या दोन्ही प्रती गेलेल्या किंवा निकामी असतात. इथे खरोखरच काहीतरी नाही. म्हणून उपचार म्हणजे ते जनुक बाहेरून नेऊन देणं. अशा मुलाला टोफरसनसारखं जनुक दाबणारं औषध दिलं तर अनर्थ होईल, आणि एसओडी-१ च्या रुग्णाला त्याचं जनुक आणखी देणं तितकंच वेडेपणाचं. दोघांच्याही फाइलीवर 'आनुवंशिक' असाच शिक्का असतो.

सगळे आजार या दोन कप्प्यांत सुबक बसत नाहीत. हंटिंग्टन रोगात एका जनुकात सीएजी ही तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. ३५ पर्यंत आवृत्त्या असल्या तर ठीक, ४० किंवा जास्त असल्या तर आजार होतोच. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात रिचर्ड मोरिमोटो यांच्या गटाने वेगवेगळ्या लांबीच्या अशा साखळ्या कृमींत घातल्या. जवळपास त्याच उंबरठ्यापाशी प्रथिनाच्या गुठळ्या दिसायला लागल्या, आणि कृमी म्हातारा होईल तसा उंबरठा खाली आला. बिघडलेलं प्रथिन घातक आहे हे तर उघड आहे. पण चांगल्या प्रथिनाचीही शरीराला गरज आहे. ते अजिबात नसलेले उंदीर गर्भातच मरतात. हे प्रथिन कमी करणाऱ्या एका औषधाची मोठी चाचणी २०२१ मध्ये थांबवावी लागली. तेव्हा 'दाबा' किंवा 'द्या' एवढ्याने भागत नाही, किती दाबायचं हेही कळावं लागतं.

अल्झायमरच्या बाबतीत कृमीने दिलेला इशारा तर मला सर्वांत बोलका वाटतो. १९९५ च्या जून महिन्यात टोरंटोच्या गटाने लवकर येणाऱ्या आनुवंशिक अल्झायमरचं एक जनुक शोधलं, पुढे त्याला प्रेसेनिलिन नाव मिळालं. ते पेशीत काय करतं हे कोणालाच माहीत नव्हतं. त्याच वर्षी कोलंबियात आयवा ग्रीनवॉल्ड आणि डायन लेव्हिटन यांच्या हाती कृमीचं सेल-१२ नावाचं जनुक होतं, आणि ते अगदी या नव्या जनुकासारखं निघालं. सेल-१२ निकामी असलेल्या कृमीला अंडी बाहेर टाकता येत नाहीत, कारण 'नॉच' नावाच्या, पेशींच्या आपसातल्या संदेशाच्या मार्गात अडथळा येतो. म्हणजे प्रेसेनिलिन या मार्गासाठी आवश्यक आहे. विस्मरणाच्या आजाराचा दुवा अंडी अडकलेल्या कृमीत! आणि पुढे नेमकं तेच आडवं आलं. प्रेसेनिलिनच्या कामावर घाव घालणाऱ्या एका औषधाची चाचणी ऑगस्ट २०१० मध्ये बंद केली गेली. रुग्णांची स्मृती सुधारण्याऐवजी ढासळत होती, आणि त्वचेच्या कर्करोगाचं प्रमाण वाढलं होतं. त्वचेच्या बाबतीत बोट 'नॉच'कडेच जातं. इतक्या आधी कृमीने खूण दाखवली होती. ती पुरेशी गांभीर्याने घेतली गेली नाही असं माझं मत आहे.

पार्किन्सनच्या अभ्यासातही हा कृमी वापरतात. त्याच्याकडे डोपामिनच्या चेतापेशी फक्त आठ असतात, त्यामुळे किती मेल्या हे मोजायला सोपं. पण त्या आजारातल्या गोळा होणाऱ्या प्रथिनाचं, आल्फा-सायन्यूक्लिनचं, जनुक कृमीत मुळात नाहीच. ते माणसाकडून उसनं घालावं लागतं. त्या निष्कर्षांकडे मी थोडं हातचं राखून बघते.

आपल्या मुंबईचा इथे खरा संबंध आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संध्या कौशिका यांची प्रयोगशाळा कृमीच्या स्पर्शपेशींमध्ये मालवाहतूक कशी होते ते जिवंत प्राण्यात बघते. चेतापेशीचा मुख्य भाग एकीकडे आणि तिचा तंतू लांबवर गेलेला. कृमीत तो अर्ध्या मिलिमीटरचा, तर आपल्या कण्यापासून पायाच्या बोटापर्यंत जवळजवळ मीटरभर. लागणारा बराचसा माल मुख्य भागात बनतो आणि तो प्रथिनांच्या मोटारींवरून टोकापर्यंत जातो. कृमीत अन्क-१०४ नावाचं जनुक अशी मोटार बनवतं. ते बिघडलं की संदेशद्रव्याच्या पुटिका टोकाला पोचत नाहीत आणि कृमी लुळा पडतो. १९९१ मध्ये हे कळलं. बरोबर वीस वर्षांनी, २०११ मध्ये, माणसातलं त्याच जातीचं जनुक, केआयएफ-१ए, आजारी मुलांत बिघडलेलं सापडलं. पाय ताठरणं, तोल जाणं, दृष्टी कमी होणं, अशी त्याची लक्षणं असतात. आता अशा मुलात एखादा नवा बदल सापडला की तोच बदल कृमीत करून, त्याने मोटार मंदावते की थांबते की भलतीच धावते, हे बघता येतं.

या सगळ्यात एक सुखद धक्काही आहे. वय झालेल्या कृमीचे स्नायू झिजतात, चाल मंदावते, पण त्याच्या चेतापेशी बहुतेक शाबूत राहतात. नुसत्या म्हातारपणाने त्या मरत नाहीत. उलट काही पेशी खराब झालेली प्रथिनं मोठ्या पुडीत बांधून स्वतःच्या बाहेर टाकतात. ड्रिस्कॉल यांच्या गटाने २०१७ मध्ये हे प्रसिद्ध केलं आणि त्या पुड्यांना एक्सोफर म्हटलं. अशी पुडी टाकणाऱ्या पेशी पुडी न टाकणाऱ्यांपेक्षा चांगलं काम करताना दिसल्या.

मर्यादाही सांगायला हव्यात. कृमीच्या चेतातंतूंवर आपल्यासारखं मायलिनचं आवरण नाही. मेंदूतली साफसफाई आणि सूज सांभाळणाऱ्या मायक्रोग्लिया पेशी त्याच्याकडे नाहीत. रक्तवाहिन्याच नाहीत. तीन आठवड्यांच्या आयुष्यात तीस वर्षं लपून राहणारा आजार हुबेहूब दाखवणं त्याला शक्य नाही. 'कृमीत बरा झाला' म्हणणारी बातमी वाचून कोणी औषधाच्या दुकानात जाऊ नये. कृमी सांगतो ते एवढंच, की बिघाड कुठे आहे, तो कोणत्या जातीचा आहे, आणि त्यानंतर काय काय घडतं.

एवढं कळणंही रुग्णाच्या घरात किती मोलाचं असतं ते मी पाहिलं आहे. कॉलेजात मी हा विषय शिकवते हे माहीत असल्याने ओळखीपाळखीचे लोक जनुकीय तपासणीचे रिपोर्ट घेऊन येतात आणि विचारतात, "मॅडम, हे आमच्या रक्तातच आहे ना? मग आता काय करणार?" मी डॉक्टर नाही, सल्ला देत नाही. पण रिपोर्टवर बोट ठेवून दोन ओळी दाखवते: जनुकाचं नाव, आणि त्यातला नेमका बदल. कितीतरी घरांत हा कागद हरवलेला असतो आणि फक्त 'आनुवंशिक आहे म्हणाले' एवढंच लक्षात राहिलेलं असतं.

तुमच्या घरात असा कोणी रुग्ण असेल तर त्या दोन ओळी जपून ठेवा. फोटो काढून ठेवा, भावंडांना पाठवा. जनुकीय समुपदेशकाला सरळ विचारा: आमच्यात हे जनुक काम करत नाही म्हणून त्रास आहे, की चुकीचं काम करतं म्हणून? एक प्रत बिघडली की आजार होतो, की दोन्ही बिघडाव्या लागतात? पुढच्या मुलाबाळांचा हिशेब त्यावर ठरतो आणि उद्या एखादं औषध आलं तर ते आपल्यासाठी आहे की नाही हेही. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात मुंबईचं केईएम रुग्णालय विशेष केंद्र म्हणून नेमलेलं आहे, आणि यादीतल्या आजारांसाठी ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. तिथे जाल तेव्हा तो कागद सोबत न्या.